डावा पाय आणि लाल जॅकेट

"पोरगा खोटं बोलेल, त्याचा कोच खोटं बोलेल, आकडे तर बोलतातच, पण क्वार्टरबॅकचा डावा पाय कधी खोटं बोलत नाही!"

ॲक्रन हॅमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून वेंडेल क्रुगरने हे जाहीर केलं, तेव्हा थोडी कॉफी सांडली. त्यापलीकडे काही घडलं नाही, कारण हे वाक्य दर फेब्रुवारीत ऐकायची सगळ्यांना सवय होती. चौतीस वर्षं वेंडेल गावोगावच्या कॉलेजांत फिरून हॅमर्ससाठी खेळाडू हेरत होता. त्या काळात हॅमर्सनी नऊ क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारे, निवडले. त्यांतले आठ वेंडेलने डाव्या पायावरून पारखले होते. ते आता विमा विकतात. नववा तेवढा चांगला निघाला. त्या वर्षी वेंडेल हर्नियाचं ऑपरेशन करून घरी पडला होता.

त्यालाही एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून हॅमर्सना दुसरा धड चेंडू फेकणारा माणूस मिळाला नव्हता, आणि चेंडू फेकणारा नसला की उरलेले दहा जण मैदानात नुसतेच एकमेकांवर आपटतात.

यंदाचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजांतली पोरं आळीपाळीने निवडायचा वार्षिक बाजार, वेंडेलचा शेवटचा. सदुसष्टाव्या वर्षी गुडघे थकले होते, पाठ थकली होती, मोटेलच्या उशांना तर तो मनातून पार थकला होता. एकच इच्छा राहिली होती: आयुष्यात एकदा, फक्त एकदा, बरोबर माणूस सांगायचा आणि मग घरी जाऊन बसायचं. आणि तो माणूस त्याला सापडला होता! नेब्रास्कातल्या रेड क्रीक स्टेट या लहानशा कॉलेजचा टोबिन हॅवरकँप. फेकताना त्याचा डावा पाय असा पडे की जणू देवघरात समई ठेवतोय.

"हळू बोल!" वेंडेलने नाव घेताच संघाचा व्यवस्थापक गस पाव्लिक ओरडला. "हे नाव या इमारतीत पुन्हा उच्चारायचं नाही. भिंतींना कान आहेत. परवा मी शौचालयात गुणगुणलेलं गाणं डुलूथ संघवाल्यांना माहीत होतं!"

"मग म्हणायचं काय त्याला?"

"'तो' म्हणायचं. नुसतं 'तो'."

ड्राफ्टमध्ये जो जास्त हरला त्याला आधी निवड. हॅमर्सचा नंबर सातवा होता. म्हणजे धड हरणंही जमलं नव्हतं. आणि आठव्या नंबरावर डुलूथ टपून बसलेलं. हॅमर्सना 'तो' आवडलाय एवढं कळलं असतं, तर डुलूथवाल्यांनी काहीही देऊन सहावा नंबर पटकावला असता आणि 'त्याला' नाकासमोरून उचलला असता.

"त्याच्या चाचणीला जा," गसने बजावलं, "पण चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. वही काढू नकोस. मान हलवू नकोस. कंटाळलायस असं दाखव."

"ते दाखवावं लागत नाही," वेंडेल म्हणाला.

मार्चमधला नेब्रास्काचा वारा म्हणजे चामडी सोलायची किसणी. दोन विमानं आणि तीनशे मैल गाडी हाकून वेंडेल मैदानावर पोचला, तेव्हा तिथे एकवीस संघांची माणसं हातात घड्याळं घेऊन उभी होती. वेंडेल एका घडीच्या खुर्चीवर बसला. आज्ञेप्रमाणे त्याने वही काढली नाही. आज्ञेप्रमाणे मान हलवली नाही. कंटाळल्याचं दाखवण्यासाठी त्याने डोळे अर्धे मिटले. उरलेले अर्धे आपोआप मिटले.

पहिला पास सुटायच्या आत वेंडेल घोरू लागला.

सगळ्यांच्या माना वळल्या. डुलूथचा हेर ऑरी किंबल बाजूच्याला म्हणाला, "क्रुगर झोपला?"

"झोपलाच की."

"छे! चौतीस वर्षं काढलेला माणूस. सोंग घेतोय."

"अरे, घोरतोय तो!"

"मग सोंग काय मुक्याने घेतात? बघ, किती हुबेहूब घोरतोय! लाळसुद्धा गाळलीय! एवढी मेहनत घेतोय म्हणजे पोरगा त्यांना हवाय. नक्की हवाय!"

साठ पास झाले, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. वेंडेल जागा झाला तेव्हा मैदानावर फक्त गवत कापणारा होता, आणि वेंडेलच्या अंगावर कुणीतरी एक लाल जॅकेट पांघरलं होतं. जाड, उबदार, छातीवर मोठं पांढरं 'आर'.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

गवतवाल्याने खांदे उडवले. "मी फक्त गवत बघतो."

वारा अजून चामडी सोलतच होता. वेंडेलने जॅकेटच्या बाह्यांत हात घातले.

घरी बायकोने, लोर्नाने, दार उघडताच पहिला प्रश्न केला. "कुणाचं उचलून आणलंस?"

"उचललं नाही गं. थंडी होती. कुणीतरी पांघरलं."

"आणि तू घालून चालायला लागलास? आभार मानलेस?"

"कुणाचे मानू? मी झोपलो होतो."

"छान! दुसऱ्यांची पोरं पारखायला गेलेला माणूस. ज्याचं असेल त्याला परत कर आधी."

"करतो," वेंडेल म्हणाला. पण चित्रफिती बघायच्या खोलीत थंडगार हवा सोडलेली असे, जॅकेट उबदार होतं, आणि काही कामं रोज उद्यावर ढकलण्यासाठीच असतात.

चार दिवसांत गसचा फोन आला. "काय करून ठेवलंस? डुलूथवाले सहाव्या नंबरासाठी फोन लावतायत! तू 'त्याच्या'साठी जीव टाकतोस अशी बोंब झालीय!"

"मी झोपलो होतो रे."

"त्यामुळेच झालीय! आता एकच उपाय. दुसऱ्या कुणासाठी तरी उघड उघड वेडा हो. टेक्सासला जा. त्या ब्राइस लॅटिमोरच्या घरी जेव. सगळ्या जगाला दिसू दे."

ब्राइस लॅटिमोर हा टेक्सासातल्या रिव्हरमाँट कॉलेजचा क्वार्टरबॅक. सोनेरी केस, दात मोत्यांचे, आणि डावा पाय असा पडायचा की जणू अंधारात मांजर तुडवलं. वेंडेलने त्याला केव्हाच यादीतून खोडला होता.

टेक्सासात घराबाहेर भट्टी होती आणि घरात बर्फाची वखार. लॅटिमोरांनी वातानुकूलन एवढं लावलं होतं की वेंडेलने दारातच लाल जॅकेट चढवलं. ब्राइसच्या वडिलांचे डोळे भरून आले.

"अगं, इकडे ये! बघ! यांनी आपल्या कॉलेजचं जॅकेट घातलंय!"

वेंडेलने छातीकडे पाहिलं. लाल. 'आर'. रिव्हरमाँटचाही रंग लाल होता आणि अक्षरही 'आर'च. तो तोंड उघडणार एवढ्यात त्याला गसची आज्ञा आठवली. उघड उघड वेडा हो.

"मला फार आवडतं हे," तो खचलेल्या आवाजात म्हणाला.

मग भाजलेल्या मोठमोठ्या बरगड्या आल्या, गोड सॉस आला. मग ब्राइसच्या पंजाची मोजणी आली. क्वार्टरबॅकचा पंजा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नऊ इंच भरला पाहिजे, असं या धंद्यात फार मानतात. वेंडेलने मोजला आणि मोजता मोजता पेंगला. आकडा विसरला. पुन्हा मोजला. पुन्हा विसरला.

"तीनदा मोजला!" ब्राइसची मावशी कुजबुजली. "हात सोडवत नाहीये त्यांना!"

तिने फोटो काढला. फोटोत वेंडेल ब्राइसचा हात दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, भक्तिभावाने मान झुकवून बसला होता. उजव्या बाहीवर सॉसचा मोठा डाग. संध्याकाळपर्यंत फोटो साऱ्या देशाने पाहिला.

"झकास!" गस फोनवर नाचत होता. "डुलूथने फोन थांबवले! ऑरी किंबल म्हणतो, नेब्रास्कात तू खरंच झोपला होतास! म्हाताऱ्या, तू कमाल आहेस!"

वेंडेलला चौतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की या वेळी जमणार.

एका माणसाला मात्र हा कावा कुणी सांगितला नव्हता. म्हणजे एका बाईंना. हॅमर्सच्या मालकीणबाई मिसेस ओबरलिन. त्यांचे यजमान गॅरेजची दारं बनवायचे. ते गेले आणि मागे दारांचा कारखाना व हा संघ ठेवून गेले. बाईंना कारखान्यातलं सगळं कळे. संघातलं त्या वर्तमानपत्रात वाचत. गस त्यांना काही सांगत नसे, कारण बाईंना सांगितलेलं त्यांच्या ब्रिजच्या क्लबला कळे.

एप्रिलअखेरच्या गुरुवारी संध्याकाळी हॅमर्सच्या ड्राफ्टच्या खोलीत सगळे जमले. पहिले सहा संघ आपापली पोरं घेऊन मोकळे झाले. 'तो' उरला होता! वेंडेलच्या छातीत, लाल 'आर'च्या बरोबर मागे, धडधडू लागलं. हॅमर्सना दहा मिनिटं होती. दूरच्या सभागृहात त्यांचा माणूस फोन कानाला लावून बसलेला. इकडून नाव सांगायचं, त्याने कार्डावर लिहून द्यायचं, की झालं. दिलेलं कार्ड परत मिळत नाही.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. कुणाला तरी सातवा नंबर विकत हवा होता. गस त्याला झटकून टाकायला कोपऱ्यात गेला. आणि मिसेस ओबरलिन आपल्या खुर्चीतून उठून वेंडेलजवळ आल्या.

"वेंडेल, तुमचं हे शेवटचं वर्ष ना? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. पोरगा खरंच एवढा चांगला आहे?"

या प्रश्नाची वेंडेल चौतीस वर्षं वाट पाहत होता. "बाईसाहेब, त्याचा डावा पाय—"

"नाव नको!" कोपऱ्यातून गस हात हलवत ओरडला. "नाव घेऊ नकोस!"

"बरं, नाव नको," बाई समजूतदारपणे म्हणाल्या. त्यांनी जॅकेटच्या 'आर'वर बोट टेकवलं. "हाच ना? हा 'आर'वाला?"

वेंडेलला भरून आलं. बाईंना सगळं माहीत होतं!

"तोच, बाईसाहेब! तोच!"

"झालं तर." बाईंनी सभागृहाचा फोन उचलला आणि कारखान्यात ऑर्डर देतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लॅटिमोर. एल, ए, दोन टी. लिहा."

फोनमधून पेनाची कुरकुर ऐकू आली.

गसने हातातला रिसीव्हर खाली ठेवला. तो ओरडला नाही. तो वेंडेलसमोर खुर्चीत बसला आणि त्याने त्या 'आर'वर बोट ठेवलं. "हे," तो म्हणाला, "कुठल्या कॉलेजचं जॅकेट आहे?"

"नेब्रास्काचं."

"अस्सं," गस म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यावर ब्राइस लॅटिमोर सोनेरी केस उडवत मंचावर चढत होता. पायरीला अडखळला. डावा पाय. पाच मिनिटांनी डुलूथने हॅवरकँपचं नाव दिलं, आणि ऑरी किंबल पडद्यावर कुणाला तरी मिठी मारताना दिसला.

मिसेस ओबरलिन मात्र खुशीत होत्या. "दात किती छान आहेत पोराचे!" म्हणाल्या.

वेंडेल बाहेरच्या बाकावर येऊन बसला. नवांपैकी आठ चुकले होते. आता दहांपैकी नऊ. त्यातही हा नववा त्याने स्वतः 'तोच, तोच' म्हणून दिला होता. खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे बराच गोंगाट.

"क्रुगर साहेब? मी टोबिन हॅवरकँप. तुमचा नंबर आमच्या कोचनी दिला. झोप झाली का त्या दिवशी?"

"अभिनंदन, बाळा," वेंडेल कसाबसा म्हणाला. "मी... मला तूच हवा होतास. खरंच सांगतो."

"हो का?" पोरगा मनापासून हसला. "मला वाटलं माझा खेळ रटाळ झाला. पण तुम्ही घोरायला लागलात ना, तो ताल मला फार बरा पडला. एक घोरणं, तीन पावलं, फेक. तसे पास मी पुन्हा कधी फेकले नाहीत. म्हटलं, म्हातारा माणूस गारठेल, म्हणून पहिल्याच पासनंतर अंगावरचं काढून तुम्हाला घातलं."

वेंडेलने हळूच कॉलर उलटून पाहिली. आतल्या पट्टीवर काळ्या शाईत ठळक लिहिलं होतं: हॅवरकँप. सहा आठवडे ते त्याच्या मानेला टेकून होतं.

"एक विनंती होती, साहेब," पोरगा संकोचून म्हणाला. "ते जॅकेट माझं नाही, कॉलेजचं आहे. साहित्याच्या खोलीतल्या बाई ते जमा केल्याशिवाय माझ्या पदवीच्या कागदावर सही करत नाहीयेत. पाठवाल का?"

"उद्याच पाठवतो."

"फार उपकार होतील. आणि साहेब... फोटोत बाहीवर सॉस दिसला. जमलं तर धुऊन."