दोन वॉर्डांमधली फट

सोमवारी सकाळी साहेबांनी पालिकेतल्या हंगामी ग्राफिकवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. "गुरुवारच्या सभेत शहराचा नकाशा पडद्यावर हलता दिसला पाहिजे. प्रत्येक वॉर्ड वेगळ्या रंगाचा, बोट लावलं की वर उचलला जाणारा. जमवलंत तर कायम करतो. नाहीतर आहात तसेच राहा."

आहे तसा तो चार वर्षं राहिलाच होता.

नकाशा नाचवणं त्याच्या डाव्या हातचा मळ. पण वॉर्डांच्या हद्दी, त्याही कॉम्प्युटरला कळतील अशा, आणायच्या कुठून? इंटरनेटवर साऱ्या जगातल्या देशांच्या हद्दी फुकट मिळत होत्या, माणूस फिरकत नाही अशा बेटांच्यासुद्धा. वॉर्ड क्रमांक सात तेवढा कुठे नव्हता. नकाशा विभागातल्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशाचा मोबाइलने फोटो काढून पाठवला. त्यात निम्म्या शहरावर पंख्याची सावली पडली होती.

"बाबांना का नाही विचारत?" बायको म्हणाली. "जन्मभर दुसरं केलंय काय त्यांनी?"

तिचे बाबा निवृत्त मोजणी अधिकारी. भेटले की एकच प्रश्न विचारत, म्हणून बिचारा त्यांना टाळायचा. त्यांनी दारातच विचारलं, "काय जावईबापू, अजून हंगामीच का?"

"गुरुवारपर्यंत," तो म्हणाला.

सासऱ्यांनी कपाटातून एक पेनड्राइव्ह काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्या तळहातावर ठेवला. "सतरा वॉर्ड, त्यांच्या हद्दींवरचे पावणेतीन लाख बिंदू. नाल्याचं एकेक वळण पायी चालून मोजलंय मी. जपून वापरा."

जपून कसलं डोंबलाचं! फाइल उघडली की कॉम्प्युटर मान टाकायचा. बुधवार दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी त्यानं मन घट्ट केलं, एकेक वॉर्ड सुटा घेतला आणि दर पन्नास बिंदूंमागे एक ठेवून बाकीचे उडवले. झालं! वॉर्ड पत्त्यांसारखे पटापट उचलले जाऊ लागले. खुशीत त्यानं आणखी बारकाईनं काही बघितलंच नाही.

बघायला हवं होतं. एका वॉर्डाचे उरलेले बिंदू शेजारच्या वॉर्डाशी जुळत नव्हते, आणि मध्ये फटी पडल्या होत्या. हे त्याला दिसलं ते गुरुवारी, भर सभेत, भिंतीएवढ्या पडद्यावर. सात आणि आठच्या मधली फट तर चांगली हातभर रुंद होती.

"हे पांढरं काय आहे?" नगराध्यक्षबाईंनी विचारलं.

तो खुलासा करायला पुढे सरसावला. तेवढ्यात सातचे नगरसेवक चष्मा सावरत पडद्यापाशी गेले. "अहो, हा तर कचरा डेपो! बघा, माझ्या वॉर्डात नाहीच तो. नऊ वर्षं घसा कोरडा करतोय मी!"

"माझ्यात तरी कुठाय?" आठचे नगरसेवक ताडकन उठले. "माझी हद्द अलीकडेच संपली की!"

नऊ वर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघांनी चक्क टाळी दिली.

"साहेब, ती चूक आहे," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "मीच बिंदू उडवलेत."

"पालिकेच्या नकाशात चूक?" दोघे एकदम खेकसले. "खाली बसा!"

नकाशा एकमतानं मंजूर झाला.

"मग आता डेपो बघायचा कोणी?" नगराध्यक्षबाई म्हणाल्या. सगळे खाली बघू लागले. साहेब तेवढे पडद्याशेजारी उभ्या असलेल्या ग्राफिकवाल्याकडे बघत होते.

संध्याकाळी त्यानं नेमणुकीचा कागद सासऱ्यांच्या हातात दिला. 'कायम' हा शब्द वाचून त्यांचे डोळे भरून आले. मग ते पुढच्या ओळीवर गेले.

"प्रभारी अधिकारी, वॉर्ड क्रमांक अठरा? अहो, वॉर्ड तर सतराच आहेत!"

"कालपर्यंत होते," तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

सासऱ्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "वस्ती किती आहे तिथं?"

"माणसांची नाही. कुत्री आहेत बरीच."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "अगं, ऐकलंस का? जावईबापू कायम झाले!" मग सासूबाई दारात आल्या तसा आवाज खाली आणून त्यांना म्हणाले, "शेजारी सांगायला हरकत नाही. कुठं, ते मात्र बोलू नकोस."