तिसरी दुरुस्ती आणि मेव्हण्याचा मुक्काम

"येत्या रविवारी माझ्या खुर्चीत मी बसलेला असेन! लिहून ठेव!"

मर्विन न्हाव्याच्या दुकानात, अर्ध्या गालावर साबण असताना, डेल्बर्ट स्टकीने ही घोषणा केली. ओहायोतल्या त्या गावात अर्ध्या दाढीत केलेली एकही घोषणा आजवर टिकलेली नाही, पण त्याला कोण सांगणार?

तसा बिचारा दमलेला होता हो. एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं त्याने. तेवढ्या चालण्यात पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या असत्या, आणि वाटेत विसरलेली छत्री आणायला तिसरी! निवृत्त झाल्यावर त्याने एकच हौस केली: खिडकीपाशी एक खुर्ची घेतली. पाठ मागे रेलणारी, पाय आपोआप वर उचलणारी. खुर्ची आली आणि तिच्यापाठोपाठ बायकोचा, अर्लीनचा, भाऊ आला. सार्जंट वेन्डल. बराकीचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत, दोन दिवस.

त्या दोन दिवसांना आता अकरा आठवडे झाले होते. छप्पर दुरुस्त करत होते की लोकरीने विणत होते, देव जाणे! वेन्डल पहाटे पाचला उठून जोर काढी, सहाला खुर्चीत बसे आणि मग फक्त जेवायला उठे. डेल्बर्ट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, डाव्या पायाचं दुखणं उजव्या पायाला समजावत बसलेला.

"अरे, पण तुला हक्क आहेत!" मर्विनने खणातून राज्यघटनेचं चिमुकलं पुस्तक काढलं. कुठल्याशा विमा एजंटने फुकट वाटलेलं. मलपृष्ठावर एजंटचाच हसरा फोटो. "ही बघ पहिली घटनादुरुस्ती. तोंड उघडायचा हक्क."

"अर्लीनसमोर?"

"बरं, ती राहू दे. दुसरी बंदुकीची. तीही राहू दे, तुझा चेहरा मला ठीक दिसत नाही. पाचवी, गप्प बसायचा हक्क."

"तो मी लग्नापासून वापरतोय."

"थांब, थांब! तिसरी! 'शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीवाचून कोणत्याही सैनिकाला कोणत्याही घरात ठेवता येणार नाही.' डेल, ही तर तुझ्यासाठीच लिहिलीय!"

"पण सध्या शांतता आहे?"

"तुझ्या घरात नाही. बाकी देशाचं भागवून घेऊ."

त्या रविवारी जेवणाच्या टेबलाशी डेल्बर्ट उभा राहिला, चष्मा लावला आणि तिसरी दुरुस्ती खणखणीत आवाजात वाचली. अर्लीनचा वाढायचा डाव हवेतच राहिला. वेन्डलने काटा खाली ठेवला, ताडकन उठला आणि कडक सलाम ठोकला!

"डेल, या पुस्तकाची शपथ घेतलीय मी! पाच मिनिटांत घर रिकामं करतो!"

वादाला डेल्बर्टची उत्तरं तयार होती. आज्ञापालनाला एकही नव्हतं. पाच मिनिटांनी बाहेरून ठोकाठोकीचा आवाज आला. खिडकीतून पाहतो तर समोरच्या हिरवळीवर सैनिकी तंबू, तंबूवर झेंडा आणि दारात पॉलिश केलेले बूट!

"घरात नाही म्हटलंय," वेन्डल ओरडला. "अंगणाचं काही लिहिलेलं नाही, सर!"

सोमवारी डेल्बर्ट खुर्चीत टेकला. पाय वर गेले. आणि घंटी वाजली. दारात चर्चमधल्या ग्रेबरबाई, हातात ताटलीभर ताजा भाजलेला ॲपल-पाय.

"हा त्या मुलासाठी. सैनिकाला घराबाहेर काढलंत? लाज कशी वाटली नाही?"

मंगळवारी येणारीजाणारी प्रत्येक मोटार तंबूला सलाम म्हणून भोंगा वाजवू लागली. बुधवारी पाट्या आल्या: 'सैनिकाला छप्पर द्या!' पाठोपाठ शाळेचा बँड. त्यातला ढोलवाला तर जणू डेल्बर्टच्या कवटीवरच सराव करत होता.

"माझ्या अंगणासमोर हे काय चाललंय?" डेल्बर्ट दारातून ओरडला.

"पदपथ सगळ्यांचा! पहिली दुरुस्ती!" सगळे एका सुरात. आणि सगळ्यांत उंच पाटी कोणाच्या हातात? मर्विनच्या!

"मर्विन, तू?"

"मला बाकीच्यांच्याही दाढ्या करायच्या असतात, बाबा."

एवढंही सोसलं असतं. पण गुरुवारी नव्या टपालवाल्याने त्याची पत्रं कुंपणातल्या काट्यांत फेकली. एकतीस वर्षं ज्याने एक पोस्टकार्ड भिजू दिलं नाही, त्याची पत्रं! डेल्बर्टने ती एकेक वेचली आणि तसाच तंबूत गेला.

"वेन्डल, चल घरात. हरलो मी."

"घरमालकाची संमती लागेल, सर. लेखी."

डेल्बर्टने एका फाटक्या पाकिटावर संमती लिहून सही केली. वेन्डलने ती दोनदा वाचली आणि हाक मारली, "अर्लीन!"

अर्लीन हात पुसत आली. पाकीट पाहिलं. "हा कोण संमती देणारा? घर आईने माझ्या नावावर केलंय."

डेल्बर्टला खाली बसावंसं वाटलं. तंबूत स्टूलही नव्हतं. "मग... माझी तिसरी दुरुस्ती?"

"संमती मी अकरा आठवड्यांपूर्वीच दिली होती. फोनवर."

"मग रविवारी बोलली का नाहीस?"

"इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच उभा राहून काही बोलत होतास. मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं." तिने त्याच्या खिशातून ते पुस्तक काढलं आणि घराच्या पायरीवर जाऊन बसून पानं उलटू लागली.

"काय शोधतेस?"

"घरमालकिणीने टपालवाल्याला ठेवून घेतलंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय का ते."

"आहे?"

"सत्तावीस दुरुस्त्या आहेत, डेल. एकीतही नाही."

दुपारी वेन्डल खुर्चीत परतला. डेल्बर्ट रिकाम्या तंबूतल्या कॅनव्हासच्या खाटेवर आडवा झाला. पाय पायथ्याच्या पिशवीवर टाकले. खरं सांगायचं तर अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. तेवढ्यात तंबूचा पडदा उचलला गेला. ग्रेबरबाई! हातातल्या ताटलीत पीच-पाय, अजून वाफाळणारा.

"तुम्ही कधीपासून सैनिक झालात?"

"टपाल खातं," डेल्बर्ट म्हणाला.

बाईंनी ताटलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पडदा सोडला आणि जाऊन घराची घंटी वाजवली. आतून खुर्चीचा ओळखीचा करकर आवाज आला, मग वेन्डलचा: "आभारी आहे, मॅडम!"

डेल्बर्ट काही बोलला नाही. पाचवी दुरुस्ती तेवढी अजून त्याच्याकडे शाबूत होती.