गुरुजी उठून बसले

पाहुण्या लेखिकाबाईंना कथावाचनासाठी स्टेशनवरून थेट कॉलेजात आणा, एवढंच प्राचार्यांनी हेडक्लार्कला बजावलं होतं. पण घर वाटेतच होतं आणि बायको बाईंची निस्सीम वाचक. (हेडक्लार्कने स्वतः लग्नानंतर परिपत्रकांखेरीज काही वाचलं नव्हतं.) घोटभर चहाने काय बिघडतंय, म्हणून त्याने गाडी घराकडे वळवली.

बाई तोंड धुवायला आत गेल्या. हा धपकन कोचावर टेकला आणि खाली काहीतरी कडकन वाजलं.

"काय मोडलं हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कंबर मोडली असती तर परवडलं असतं," तो म्हणाला. हातात बाईंच्या चष्म्याचा चुरा होता.

बाईंनी त्याचा चष्मा लावून पाहिला. "यातून तुम्ही मला दोन दिसता," त्या म्हणाल्या. "एकच पुरे."

"मी वाचते की," बायको म्हणाली. "ती गोष्ट मला पाठ आहे."

"छे गं. माझी चूक, मीच निस्तरतो. रोज ऑफिसच्या खिडकीवरून पोरांना सूचना वाचून दाखवतोच ना मी?"

"म्हणून तर म्हणतेय," बायको म्हणाली. पण तो ऐकेल तर शपथ.

सभागृह गच्च भरलेलं. बाईंची गोष्ट एका म्हाताऱ्या गुरुजींच्या अखेरच्या आजारपणाची. हेडक्लार्क आधी चाचरला, मग त्याला सूर सापडला. "'गुरुजींनी शेवटचा श्वास घेतला. डॉक्टरांनी चादर तोंडावर ओढली.'" मागे कोणीतरी नाक ओढलं. आपल्या वाचनाने लोक रडतात हे पाहून त्यालाच भरून आलं. रुमाल काढायला गेला आणि पुस्तक खाली पडलं. उचलल्यावर जे पान उघडलं तिथून त्याने त्याच रडवेल्या आवाजात पुढे सुरू केलं.

"'गुरुजी उठून बसले. म्हणाले, चहात साखर कमी आहे.'"

मग कुठेतरी खुदकन हसू फुटलं. पहिल्या रांगेतून बायको पानं उलटायच्या खुणा करत होती. आवाज वाढवायला सांगतेय, असं समजून तो गरजला, "'आज अंघोळीला कडत पाणी लागेल!'"

सभागृह हास्याने दणाणलं. प्राचार्यांनी तोंड फाईलमागे लपवलं. आता आपली नोकरी गेली, हे हेडक्लार्कला तेव्हा कुठे उमगलं.

लेखिकाबाई चाचपडत माईकपाशी आल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसून हसून. "कित्येक वर्षं मी या गुरुजींना गावोगाव मारतेय," त्या म्हणाल्या, "आणि लोक जांभया देतात. आज पहिल्यांदा ते जगावेत असं सगळ्यांना वाटलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडक्लार्कची छाती दोन इंच फुगली. तेवढ्यात एक मुलगी कागद आणि पेन घेऊन थेट त्याच्याकडेच आली. त्याने केसांवरून हात फिरवला.

"नाव काय लिहू बाळ?"

"नाव लिहिलेलंच आहे सर," ती म्हणाली. "बसच्या पासचा अर्ज आहे. खिडकीवर तुम्ही कधी सापडतच नाही."