बहिरी शिकविणार नेमिल्याची बखर

श्री. ज्याचे कान सुपाएवढे, आणि तरी जो भक्ताचे न बोललेलेच आधी ऐकतो, त्या गजवदनास वंदन करून वर्तमान लिहितो ते ऐसे जे, शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरी, भाद्रपदमासी, एका राज्यात खुणेच्या शाळेत शिकविणाराची जागा रिकामी पडली. राज्याचे नाव सांगत नाही, तेथील लोक हळवे आहेत. संवत्सराचे नाव दुर्मुख, परंतु साल मोठे हसरे निघाले, ते पुढे कळेल. खुणेची शाळा म्हणजे काय, तर राज्यातील जी मुले जन्मापासून ऐकत नाहीत, त्यांस हाताच्या खुणांनी बोलणे, अक्षरे आणि हिशेब शिकवावे, ऐसी शाळा थोरल्या महाराजांनी राजवाड्याच्या आवारात घालून दिली होती, आणि तेथे वेणूआक्का म्हणून थोर बाई मुलांस शिकवीत असत. त्यांची दृष्टी मंद जाहली, आणि खुणेच्या शाळेत डोळा हाच कान, सबब आक्कांनी रजा मागितली आणि लेकीच्या गावी निघून गेल्या, आणि मुले दारापर्यंत पोहोचवावयास गेली ती रडतच परत आली.

तेव्हा दिवाणजी म्हणो लागले, "बाई गेली तर शाळाही उठवावी. मोठ्या शाळेत शेवटच्या ओळीत ही पोरे बसतील, ओठ हलताना पाहतील आणि आपलेही हलवतील, कोणास काय कळते?" दिवाणजी मनाचे वाईट नव्हते, परंतु खर्चाची बाब दिसली की त्यांस खोकला येई. महाराजांनी मध्ये पडून सांगितले की विजयादशमीपर्यंत शिकविणार मिळाला तर शाळा राहील, न मिळाल्यास दिवाणजी म्हणतात तैसे करावे. हे ऐकून दरबारात ज्याचे काळीज हलले तो एकच पुरुष, नागोपंत चिटणीस. त्यांची एकुलती एक लेक मथू, तीही न ऐकणारी, त्याच शाळेत जात असे.

आता नागोपंतांची थोरवी सांगावी लागते. राज्यात पत्र लिहावे तर नागोपंतांनी. नुसते 'पत्र पावले' एवढे कळवावयाचे तर चंद्र, सूर्य, समुद्र आणि समोरच्याचे सात पिढ्यांचे पुण्य यांची हजेरी घेतल्यावाचून त्यांची लेखणी मुद्द्यास येत नसे. ऐसा शब्दांचा धनी, आणि घरी लेक समोर उभी राहून हातवारे करून काही सांगू लागली म्हणजे पंतांस एक अक्षर कळत नसे. मग पंत काय करीत, तर मान डोलावीत. लेक हसली तर हसून डोलावीत, रुसली तर गंभीर होऊन डोलावीत. मथूची आई चुलीपाशी तिच्याशी खुणांनी बोले, आक्का शाळेत बोलत, आणि पंत मनात म्हणत की शिकू सवडीने, कोठे पळून जाते आहे पोर. आणि मथू थोडा वेळ बापाच्या डोलणाऱ्या मानेकडे पाही आणि निघून जाई. आणि दुसऱ्या दिवशी पंत पुन्हा डोलावीत.

तर दवंडीचा मजकूर लिहिण्याचे काम पंतांकडेच आले, आणि त्यांनी तो ऐसा लांबलचक लिहिला की दवंडीवाला अर्ध्यातच दम लागून खाली बसला. महाराज हसून म्हणाले, "पंत, त्यास वारस आहे का कोणी? नसेल तर मजकूर आटोपता करा." पंत खजील जाहले, आणि जन्मात प्रथमच कात्री हाती घेऊन मायने कापले, पदव्या कापल्या, पुण्य कापले, आणि शेवटी उरले ते 'बहिरी मुले शिकविणार पाहिजे'. त्यातही पंतांस वाटले की शिकवावयाची ती मुलेच, म्हाताऱ्यांस कोण शिकवितो, म्हणून 'मुले' हा शब्दही गाळला. आणि दवंडी फिरली, गावोगाव ढोल वाजला, "ऐका हो ऐका! सरकारात बहिरी शिकविणार पाहिजे हो!"

आता त्या मुलखात शिकारीचा षोक फार, आणि तेथे बहिरी म्हटले की लहान पोरासही ठाऊक की बहिरी ससाणा, जो आभाळातून दगडासारखा पडतो आणि उडते पाखरू उचलतो. मग काय विचारता! आश्विनात परीक्षेच्या दिवशी राजवाड्याचे आवार पाहावे तो जिकडे तिकडे बाजदार, मुठीवर चामड्याचा मोजा, मोज्यावर बहिरी, बहिरीच्या डोक्यावर टोपी आणि पायांत घुंगरू. दिवाणजी सदरेवर आले आणि जागीच थिजले. महाराज मात्र आले ते हरखूनच गेले आणि नागोपंतांची पाठ थोपटून म्हणाले, "पंत, माझ्या मनातले ओळखलेत!" पंतांस आपली चूक ध्यानी आली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. शाळेस बाई हवी होती, आणि आली होती पाखरे, आणि दसरा तोंडावर आला होता.

बाजदारांत वडील तो सुभानजी. त्याने महाराजांस मुजरा केला आणि हलकेच म्हणाला, "धनी, एक इनंती हाय. कुनी मोठ्यानं बोलू नगा. नवी पाखरं हायती, बिचकत्यात." महाराजांनी लागलीच ओठांवर बोट ठेविले, आणि महाराजांनी ठेविले म्हणून अवघ्या दरबाराने ठेविले, आणि सर्व राज्यकारभार हातवाऱ्यांनी चालू जाहला. आणि काय सांगावी त्या कारभाराची दशा! दिवाणजींस हुजऱ्यास सांगावयाचे होते की जरासा थांब, म्हणून त्यांनी करंगळीचे टोक दाखविले, तो हुजऱ्याने पाण्याचा तांब्या भरून आणिला आणि आदबीने परसाची वाट दाखविली. दिवाणजी लाल जाहले, मान हलविली, पुन्हा करंगळीच दाखविली, तेव्हा हुजऱ्याने त्यांस घाई आहे ऐसे समजून दंडास धरिले. खुणेच्या शाळेतील मुले ओट्यावर बसून हे पाहत होती, ती पोट धरधरून लोळू लागली. सबंध दरबारात त्या दिवशी नीट बोलता येणारी माणसे तेवढीच होती.

तो दरवाजाशी एक बाई आली. नाव चंद्राबाई, लुगडे साधे, पायांवर वाटेची धूळ. पहारेकऱ्याने दबक्या आवाजात विचारिले, "काय काम?"

"बहिरी शिकवायला आले."

"मग बहिरी कुठं आहे?"

"इथे आहेत म्हणून ऐकलं."

"अहो, स्वतःची आणायची असते!"

"स्वतःची?" बाई म्हणाल्या. "माझं अजून लग्नही झालं नाही, दादा."

पहारेकरी गोंधळून बाजूस जाहला आणि बाई आत आल्या, आणि पाखरे पाहून त्याही गोंधळल्या, आणि माघारी फिरणार तो त्यांची नजर ओट्यावरच्या मुलांकडे गेली आणि पाऊल थांबले. या चंद्राबाईंचे आईबाप दोघेही न ऐकणारे. घरात पहिली बोली हाताची, तोंडाची बोली त्या पुढे शेजारच्या आळीत शिकल्या, आणि मोठेपणी शेजारच्या राज्यात खुणेच्या शाळेत शिकवून पारंगत जाहल्या. दवंडीतला गाळलेला शब्द त्यांस ऐकावा लागला नाही, त्यांच्या घरी बहिरी म्हणजे माणसेच होती.

इतक्यात परीक्षेस उभे राहिले गावचे वामनशास्त्री, ज्यांस शाळेची निकड आधीपासून ठाऊक होती. शास्त्रीबोवांचा कंठ दांडगा, आणि मत ऐसे की मुलांस ऐकू येत नाही याचे कारण आजवर त्यांच्याशी कोणी पुरेशा मोठ्याने बोललेच नाही. कोणी अडवील तोवर ते ओट्यासमोर गेले, कंबरेवर हात ठेविले आणि सर्व बळ एकवटून "अ" म्हणून ऐसी आरोळी ठोकिली की मुलांनी त्यांच्या घशातील पडजीभ कौतुकाने पाहिली आणि बहिऱ्यांनी मात्र टोप्या झुगारल्या, दोऱ्या तोडल्या आणि एकच कल्लोळ जाहला. एक पाखरू दिवाणजींच्या पगडीवर जाऊन बसले, एक शास्त्रीबोवांचा शेला घेऊन कौलांवर गेले, बाजदार शीळ घालीत धावले, लोक एकमेकांच्या अंगावर पडले. आणि सर्वांत मोठी बहिरी उतरली ती ओट्याच्या कठड्यावर, मथूच्या शेजारी. पोरीने ऐसे पाखरू जवळून कधी पाहिले नव्हते. ती हरखून पाखराच्या चोचीकडे हात नेऊ लागली.

नागोपंत आवाराच्या दुसऱ्या टोकास होते. ते ओरडले, "मथू! हात मागे घे! मथे!" आणि पुन्हा ओरडले, आणि कंठ फुटेस्तोवर ओरडले, आणि सर्व दरबाराने ते ऐकले, जिने ऐकावे तिने मात्र ऐकले नाही. पंत गर्दीतून वाट काढू लागले. तो चंद्राबाई पाण्याचे घडे ठेवावयाच्या चौरंगावर चढल्या, आणि पदर फडकावून पोरीची नजर धरिली, आणि लोकांच्या डोक्यांवरून दोन्ही हातांनी काही बोलल्या. मथूने पाहिले आणि हात मागे घेतला, मुठी मांडीवर ठेविल्या आणि जागची हलली नाही. सुभानजीने हलकेच येऊन पाखरू उचलिले. मग मथूने दुरूनच चंद्राबाईंस हातांनी काही लांबलचक सांगितले, आणि बाई खळखळून हसल्या, आणि मथूही हसली.

पंत धापा टाकीत बाईंपाशी आले. "काय म्हणाली हो ती? एवढं काय सांगितलं तिनं?"

बाईंनी त्यांजकडे पाहिले. "तुमची कोण ती?"

"लेक माझी."

"मग तिलाच विचारा ना."

पंतांनी लेकीकडे पाहिले, आणि सवयीने मान डोलावली.

महाराजांनी हे सर्व पाहिले होते. ते म्हणाले, "परीक्षा झाली. बाई, शाळा तुमची. काय हवे ते मागा." बाई म्हणाल्या, "सरकार, एकच अट आहे. प्रत्येक मुलाच्या घरचं एक माणूस रोज सकाळी वर्गात येऊन बसेल आणि शिकेल. मी मुलांना दिवसभर बोलतं करीन, पण संध्याकाळी ती घरी जाऊन कुणाशी बोलणार? हे नसेल तर मी आल्या वाटेनं जाते." दिवाणजी पगडी झटकीत म्हणाले, "ठीक आहे, आया येतील." बाई म्हणाल्या, "आया बोलतात, मुलांचे हात पाहूनच कळलं ते. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी यायचं." आणि नजर नागोपंतांवर गेली. दिवाणजी कडाडले, "चिटणीस रोज पोरांत मांडी घालून बसले तर दौलतीची पत्रे कोण लिहील? अट मान्य नाही!" बाईंनी नमस्कार केला आणि दरवाजाकडे चालू लागल्या. मथूने ते पाहिले आणि ती ओट्यावरून उतरून बाईंच्या मागे चालू लागली, आणि तिच्यामागून बाकीची मुले.

तेव्हा नागोपंत पुढे जाहले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, मी शब्दांवर पोट भरले. माझ्या लेकीचा एक शब्द मला कळत नाही. ती बोलते आणि मी नुसती मान डोलावतो, आणि तिला ते ठाऊक आहे. पत्रे मी दुपारी लिहीन, आखूड लिहीन. बाईंना जाऊ देऊ नका." आखूड पत्रे हे शब्द ऐकून दिवाणजींचाही राग उतरला. महाराजांनी अट मान्य केली, बाईंस मागे बोलाविले, सुभानजीस शिकारखान्यात ठेविले, आणि वामनशास्त्र्यांस मोठ्या शाळेत पाढे म्हणवून घेण्यास नेमिले, तेथे त्यांच्या आवाजाचे सार्थक जाहले.

मग दुसऱ्या दिवसापासून इतर मुलांच्या घरच्यांबरोबर राज्याचे चिटणीसही, पागोटे काढून, पोरांच्या ओळीत चटईवर बसू लागले. शिष्य बरा नव्हता. बोटे लेखणीस सरावलेली, ती सुटी होत ना. बाप म्हणजे मिशीवर दोन बोटे, आणि तीच जरा वर कपाळाशी गेली की बैल. पंतांनी भर वर्गात छाती ठोकून 'मी तुझा बैल' ऐसे मथूस सांगितले आणि वर्ग लोळला. मथू त्यांची बोटे धरून जागेवर आणी, चुकले की हातावर चापट मारी, आणि पंत निमूट खात.

विजयादशमीस दिवाणजी शाळा पाहावयास आले, ते दारातच थांबले. मथू बापासमोर बसून काही सांगत होती, हात भरभर चालले होते, डोळे मोठे जाहले होते, आणि पंत कपाळास आठ्या घालून पाहत होते. अर्धे उमगले, अर्धे निसटले. मथू सांगून थांबली आणि बापाच्या मानेकडे पाहत राहिली. मान हलली नाही. पंतांनी दोन्ही हात वर केले, आणि चुकत माकत, एक एक बोट जुळवीत, लेकीस म्हणाले, 'कळले नाही. पुन्हा सांग.'

मथू सरकून बापाच्या गुडघ्यास गुडघा लावून बसली, आणि पहिल्यापासून, सावकाश, सांगू लागली.

येणेप्रमाणे त्या राज्यात शिकविणार एक नेमिला गेला आणि शाळा राहिली. शिष्य मात्र वाढले, त्यांत एक सर्वांत मंद होता, आणि त्याजवर कोणी रागावत नव्हते. जैसे घडले तैसे लिहिले, अधिक उणे वाचणाराने सांभाळून घ्यावे.