मुंग्यांच्या घराखाली

"जीवांचं घर मोडून नातीची सोयरीक जोडणार व्हय?" गहू निवडता निवडता आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या कानाशीच पुटपुटल्या.

मोडणार कोण होतं! कळंब्याच्या आमच्या अंगणात आंब्यावर तांबड्या मुंग्यांनी घर बांधलं होतं. मी दुपारभर बघत बसायची. काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या आपल्या अळ्या तोंडात धरून इचलकरंजीच्या मागावरच्या धोट्यासारख्या इकडून तिकडं फिरवतात. अळीच्या तोंडातून धागा, की पानं शिवून तयार! पण नारळाएवढं ते घर लोंबत होतं नेमकं खुर्च्यांवर. भारनियमनानं पंखे बंद, म्हणजे जयसिंगपूरच्या पाहुण्यांना बसवायचं अंगणातच.

मला आयडिया सुचायला वेळ लागत नाही! परकराच्या जुन्या नाडीनं फांदी वर ओढून बांधली. घरही शाबूत, धर्मही शाबूत!

"जय जिनेंद्र!" पाहुणे आले. बाहुबलीअण्णा, प्रभावतीबाई आणि त्यांचा मुलगा वृषभ. बसल्या बसल्या बाई म्हणाल्या, "सून जीवदया पाळणारी पायजे. मागच्या ठिकाणी पोरीनं आमच्यासमोर झुरळावर चप्पल हाणली. तसंच उठलो!"

आक्का माझ्याकडं बघून हसल्या. तेवढ्यात नाडी सुटली!

घर अलगद अण्णांच्या टोपीवर टेकलं. मुंग्या टोपीवरनं कॉलरीत, कॉलरीतनं सगळ्या अंगणात! मुंगी मारायला पहिला हात ज्याचा उठेल, त्याच्या घरची जीवदया बुडाली!

"हवा... झकास हाय," अण्णा दात आवळत म्हणाले. बाईंनी त्यांच्या मानेवर हाणायला हात उगारला आणि तसाच खाली आणून त्यांचं उपरणं सारखं केलं.

माझी लेक आदिती पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली. डोळ्यांत टचकन पाणी!

"माहेर सोडायचं म्हणून जीव तुटतोय पोरीचा," बाई हुंदका दिल्यासारख्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरलेले.

"विचारा की काही तिला," आमचे हे वृषभला म्हणाले.

वृषभनं तोंड उघडलं. डोळ्यांतनं नुसत्या धारा!

"मुलगा फार हळवा हो!" हे भारावून म्हणाले आणि पुढच्या क्षणी स्वतःच हळवे होऊन मांडी चोळायला लागले.

सगळं अंगण शांतपणे रडत होतं! आणि एकदम आक्का ताडकन उठल्या, लुगडं झटकत.

"अगं चावत्यात की ह्या! त्यांचं घर त्यास्नी लखलाभ! पावणं, पळा आत, सोयरीक आमच्या घरात बसून जोडूया!"