पाटावर बसलेली बंदूक

शनिवारी सकाळी यशवंत आंघोळ करून बाहेर आला, तेव्हा त्याची बंदूक पाटावर बसली होती. पाटाभोवती रांगोळी होती. दस्त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटली होती, नळीवर झेंडूची माळ होती, आणि शेजारी मिक्सरचं भांडं, ड्रिल मशीन, वीणाचा लॅपटॉप आणि अन्वीचा कंपास अशी किरकोळ शस्त्रं अंग चोरून बसली होती. सासूबाई घंटा वाजवत होत्या.

पेटीचं कुलूप यशवंतनेच काढून दिलं होतं. "पाच मिनिटांत पूजा होते," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. फलटणला त्यांच्या घरी चार पिढ्या विळी, पाना आणि स्कूटर यांच्यावरच खंडेनवमी भागवली जात होती. जावयाच्या घरी खरीखुरी बंदूक आहे हे कळल्यापासून त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीसाठी आल्या होत्या की या एका दिवसासाठी, असा संशय यावा इतका त्यांचा उत्साह होता.

"आई, झालं ना? दोन वाजता मला क्लबात पोचायचंय. बंदूक घेऊन."

घंटा थांबली. "आज?"

"आजच."

"यशवंतराव, पूजेला बसलेलं शस्त्र आज हलवायचं नसतं. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की खुशाल न्या."

यशवंतने आशेने बायकोकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस?" वीणा म्हणाली. "माझी चटणी पण उद्यावर गेलीय."

या बंदुकीचं मूळ विंटर टायरमध्ये होतं. दीड वर्षापूर्वी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावात त्यांच्या इमारतीच्या तळघरात चोरी झाली. यशवंतचे बर्फासाठीचे चारही टायर गेले. शेजारी ठेवलेला गोडा मसाल्याचा डबा चोराने उघडला, हुंगला आणि पुन्हा घट्ट झाकण लावून जागेवर ठेवला. मसाल्याचा हा अपमान वीणाला टायरपेक्षा जास्त लागला. यशवंतला मात्र झोप लागेना. घराच्या रक्षणासाठी काहीतरी हवं, या एकाच विचाराने तो जंगलाकडेच्या नेमबाजी क्लबात जाऊन उभा राहिला.

तिथले शिक्षक हेर बाउर, म्हणजे बाउरसाहेब, चौऱ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर कारखान्यात हत्यारं घडवून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग चांगलं कुलूप घ्या. इथे आम्ही कागदावर नेम धरतो. आणि बंदूक घरी कायम कुलपात राहते. चोर आला तर त्याला जरा थांबा म्हणावं लागेल."

यशवंतने कुलूप घेतलं. पण त्या दिवशी बाउरसाहेबांनी 'आलाच आहात तर' म्हणून हवेवर चालणारी एक रायफल त्याच्या हातात दिली होती, आणि तिथेच तो फसला. दहा मीटरवर टिंबाएवढा मध्य. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि चाप ओढायचा नाही, नुसता दाबत न्यायचा. त्या दोन सेकंदांत ऑफिस नसतं, ईमेल नसतात, घरमालकाचं पत्र नसतं. नंतर टक असा आवाज होतो आणि कागदावर तिळाएवढं भोक पडतं. एवढ्याशा भोकाने माणसाला एवढा आनंद का व्हावा, हे यशवंतला कधीच कोणाला समजावून सांगता आलं नाही.

अडचण एकच होती. त्याचा नेम लागत नव्हता. पाच रायफली बदलून पाहिल्या. एक खांद्याला लांब, एक गालाला बोचणारी, एक इतकी जड की तिसऱ्या मिनिटाला हात थरथरायचा. शेवटी बाउरसाहेबांनी त्याला दोन तळव्यांच्या फटीतून लांबच्या घड्याळाकडे बघायला लावलं आणि निकाल दिला, "तुमचा डोळा डावा आहे. हातही डावाच असणार."

होताच. लहानपणी कराडच्या शाळेत पट्टी मारून मारून गुरुजींनी तो उजवा केला होता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एका परक्या म्हाताऱ्याने आपल्या डाव्या हातात काही खोट नाही असं सांगितलं, तेव्हा यशवंतने तो हात उलटसुलट करून पाहिला. मग डार्मश्टाट शहरातल्या एका विद्यार्थ्याकडे वापरलेली डावखुऱ्यांची रायफल मिळाली. तिला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. ती खांद्याला अशी बसली की जणू माप देऊन शिवली होती.

आणि आज त्याचं उमेदवारीचं वर्ष संपत होतं. आज क्लबाची वार्षिक स्पर्धा, प्रत्येकाला एकच छर्रा. त्यानंतर समिती ठरवणार, यशवंतला कायमचा सभासद करायचा की नाही. जर्मनीत त्याला नऊ वर्षं झाली होती. सगळ्या कचेऱ्यांनी त्याला नंबर दिला होता, पण 'हा आमचा यशवंत' असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. ते आज कोणीतरी म्हणेल अशी त्याला फार आशा होती. आणि क्लबातल्या उजव्या रायफलींनी त्याला भिंतसुद्धा लागत नव्हती.

हे सगळं त्याने सासूबाईंना कळवळून सांगितलं. त्यांना पटलंही. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

मग त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीने, अन्वीने, तोंड उघडलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. वीणाने भाषांतर केलं, "ती विचारतेय, आजच्या दिवशी शत्रू चालून आला तर काय करायचं?"

सासूबाई विचारात पडल्या. "शत्रू आला तर उचलायलाच हवं. त्याला आपद्धर्म म्हणतात."

"गेनाऊ!" अन्वी म्हणाली, म्हणजे 'अगदी बरोबर!'

"पण मग मी बरोबर येणार. उत्तरपूजा तिथेच करीन, रणभूमीवर. तोवर शस्त्र पाटावरच राहील."

एकदा असं ठरल्यावर घरात जी धावपळ उडाली तिला तोड नव्हती. बंदूक कुलूपबंद पेटीतूनच न्यायची हा इथला कायदा, आणि पाट सोडायचा नाही हा सासूबाईंचा. म्हणून माळेसकट बंदूक पेटीत, पेटी पाटावर आणि पाट गाडीच्या डिकीत अशी तडजोड झाली. दाराच्या हँडलला 'केरवोखं' लिहिलेली पाटी लोंबत होती. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी यांची. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, शनिवारी दुपारी बोट फिरवून धूळ बघायच्या, आणि त्यांची तीन पत्रं वीणाच्या फ्रिजवर चिकटवलेली होती.

"आल्यावर झाडतो," असं पाटीला सांगून यशवंत खाली धावला. मग नारळ राहिला म्हणून अन्वी वर पळाली. मग ती खाली आल्यावर गाडी सुटली.

क्लबाच्या दारात बाउरसाहेब तपासणीला उभे होते. बंदूक रिकामी आहे हे दिसावं म्हणून नळीतून आरपार एक भडक दोरी घातलेली असते. ती नसेल तर आत प्रवेश नाही, आणि तशी चूक आजच्या दिवशी झाली तर सभासदत्वही नाही. यशवंतने पेटी उघडली. आतून झेंडूचा वास आला. बाउरसाहेब वाकून बघतच राहिले.

"आई," यशवंतने हळूच विचारलं, "नळीत भगवी दोरी होती, ती कुठाय?"

"आहे की. मला आवडली. म्हटलं, या लोकांनाही कळतं हो. म्हणून तिच्या जोडीला आपला लाल-पिवळा दोरा पण ओवला."

बाउरसाहेबांनी दोन्ही दोऱ्यांची टोकं दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. "दुहेरी सुरक्षा," ते म्हणाले. "हे मी पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही." मग चिमट्याने त्यांनी खाचेतून काहीतरी बाहेर काढलं आणि प्रकाशात धरलं. "हे काय?"

"तांदूळ," यशवंत म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बाउरसाहेबांनी चष्मा लावला आणि वहीत नोंद केली: 'तांदूळ, एक दाणा. दोऱ्यांमुळे नळीत गेला नाही. काढला.' मग अन्वीकडे वळून हा सगळा काय प्रकार आहे ते विचारलं. अन्वीने आजीचं म्हणणं अस्खलित जर्मनमधून सांगितलं. वर्षातून एक दिवस हत्यारांचे आभार मानायचे आणि त्यांना विश्रांती द्यायची.

बाउरसाहेबांनी वही मिटली. "एकेचाळीस वर्षं मी हत्यारं बनवली," ते म्हणाले. "त्यांचे आभार मानायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही." त्यांनी टोपी काढली. मग मागच्या सात-आठ जणांनीही काढली, आणि सासूबाईंनी भर क्लबात अक्षता वाहून शस्त्राला मोकळं केलं. बंदूक पुसली गेली, नारळ बाउरसाहेबांना मिळाला, आणि पुढचा मागचा सगळा गोंधळ आता मिटला असं यशवंतला वाटलं.

त्याचा नंबर सतरावा होता. तो जागेवर उभा राहिला, छर्रा भरला, गाल दस्त्यावर टेकला. मागे काचेपलीकडे बघ्यांची बाकं होती, आणि मधली खिडकी उघडी होती. त्या खिडकीतून वीणाचा आवाज आला.

"अन्वी, तुझ्या एकाच पायात चप्पल कशी?"

"दुसरी दारात," अन्वी जर्मनमधून म्हणाली.

"कुठल्या दारात?"

"घराच्या. सामान खाली नेताना दार आपोआप बंद होऊ नये म्हणून अडकवली, म्हणून तर नारळ आणायला आत जाता आलं. किल्ली कुठे होती माझ्याकडे?"

ते यशवंतनेही ऐकलं. घर सताड उघडं. आत लॅपटॉप, पासपोर्ट, सासूबाईंच्या पाटल्या. ज्या घराच्या रक्षणासाठी हे सगळं सुरू झालं, ते घर एका चपलेच्या भरवशावर टाकून तो इथे कागदावर नेम धरत होता. त्याला बंदूक टाकून पळावंसं वाटलं. पण भरलेली बंदूक टाकून पळत नसतात, हे बाउरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने श्वास घेतला. अर्धा सोडला. समोर मध्य दिसायच्या ऐवजी चप्पल दिसत होती. टक.

मग त्याने बंदूक उघडून दाखवली, दोन्ही दोऱ्या ओवल्या, पेटीत ठेवली, कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं, आणि मग पेटी घेऊन तो सुसाट धावला. पार्किंगपर्यंत पोचतो तोच मागून हाक आली.

"हेर यशवंत!" बाउरसाहेब धापा टाकत आले. त्यांच्या हातात त्याचा कागद होता. "दहापैकी तीन. फार वाईट."

"माफ करा. घर उघडं राहिलंय."

"अन्वीने सांगितलं. समितीने काचेतून बघितलं. घर उघडं असताना जो माणूस आधी कुलूप ओढून बघतो, त्याच्या शेजारी उभं राहायला आमची कोणाची हरकत नाही." त्यांनी यशवंतच्या पाठीवर थाप मारली. "नेम येईल. बाकीचं येत नसतं. जा आता, तुम्ही आमचे आहात."

हे ऐकून यशवंतला रडू आलं असतं, पण त्याला वेळ नव्हता.

यशवंतने गाडी घराकडे पिटाळली. सासूबाई रामरक्षा पुटपुटत होत्या. जिना चढताना पेटी घेतलेला यशवंत पुढे होता, पाट घेतलेली वीणा मागे, आणि वरच्या वळणावर तो थबकला.

दार उघडं होतं. दारात अन्वीची चप्पल होती. आणि चपलेच्या मागे, स्वयंपाकघरातून आणलेल्या खुर्चीवर, मांडीवर लांब दांड्याचा झाडू आडवा धरून फ्राऊ हेबर्ले बसल्या होत्या.

"तीन तास," त्या म्हणाल्या. "जिना झाडलेला नाही, हे सांगायला वर आले. तर दार उघडं. ओढून घेतलं असतं तर तुम्ही बाहेर अडकला असता. आल्झो, म्हणून बसले. एक पार्सलवाला आला होता. मी ओळखपत्र मागितलं. तो पळून गेला."

"त्यात माझा कुकर होता," वीणा मराठीत पुटपुटली.

"काय म्हणतायत या?" सासूबाईंनी विचारलं. अन्वीने सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आजीला मराठीतून सांगितलं, "आजी, त्यांनी आपलं घर सांभाळलं. झाडू घेऊन."

सासूबाईंनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. फ्राऊ हेबर्लेंच्या मांडीवरच्या झाडूला त्यांनी हळदीकुंकवाची पाच बोटं लावली, उरलेली झेंडूची फुलं दांड्याला बांधली आणि वाकून नमस्कार केला. फ्राऊ हेबर्ले ताठ झाल्या. मग हे घर राखणाऱ्या हत्याराचे आभार आहेत असं अन्वीने सांगितल्यावर त्यांनी एप्रन सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. चाळीस वर्षं त्या झाडूवरून लोकांशी त्यांची भांडणंच झाली होती.

"डांके, आभारी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. लगेच खाकरून त्यांनी झाडू यशवंतपुढे धरला. "पण जिना राहिलाय."

यशवंत तर आज अख्खी इमारत झाडायला तयार होता. त्याने हात पुढे केला.

"अहो यशवंतराव!" सासूबाई ओरडल्या. "पूजा झालेलं शस्त्र आज हलवायचं नसतं!"

"आई, बंदुकीला चाललं की."

"बंदुकीचं काम अडलं होतं. जिना कुठं पळून चाललाय?"

अन्वीने भाषांतर केलं. फ्राऊ हेबर्लेंनी धुळकट पायऱ्यांकडे पाहिलं, मग झेंडूकडे पाहिलं. पुन्हा पायऱ्यांकडे पाहिलं. मग त्या उठल्या, बंदुकीच्या रिकाम्या पाटावर त्यांनी स्वतःच्या हाताने झाडू ठेवला, दांडा सरळ केला, आणि वीणाने पुढे केलेला चहाचा कप घेत म्हणाल्या,

"मग उद्या. आठ वाजता."