डिझेल दर्यात गेलो

देवगडच्या जेटीवर गणपत मिस्त्रीचा शब्द म्हणजे शब्द. अठ्ठावीस वर्षं तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय. रोज सकाळी सात वाजता तो वायरलेसवर बसतो. मग समुद्रातले तांडेल, म्हणजे बोटी हाकणारे, आपापल्या इंजिनाची दुखणी सांगतात, कोणाचं धूर ओकतंय, कोणाचं खोकतंय, आणि गणपत जेटीवरूनच औषध देतो. तो 'फिर' म्हणाला की बोट फिरते, का म्हणून कोणी विचारत नाही. घरात त्याला एवढा मान नाही, पण ते असू दे.

घोळ झाला तो लेकीमुळे. अनुजा कॉलेजात इंग्रजी शिकते. माणसांच्या नावांवरून आलेल्या शब्दांवर तिला वर्गात बोलायचं होतं, आणि ती तयारी तिने सकाळच्या चहाला बापासमोर केली. सँडविच हे एका उमरावाचं नाव, बॉयकॉट हा एक कॅप्टन, लोकांनी वाळीत टाकलेला. गणपत नुसता हूं हूं करत होता. मग ती म्हणाली, "आणि बाबा, डिझेल हो पण एक माणूसच होतो. रुडॉल्फ डिझेल. तुमचा इंजिन तेनाच शोधल्यान."

गणपतचा कप हातातच राहिला. ज्याच्या नावाने आयुष्यभर हात काळे केले, दिवसातून पन्नास वेळा ज्याला शिव्या घातल्या, तो हाडामांसाचा माणूस? पुढचं ऐकून तर त्याच्या अंगावर काटा आला. हा माणूस बोटीने इंग्लंडला निघाला, रात्री जेवून खोलीत गेला, आणि सकाळी बघतात तर बिछाना रिकामा. डेकवर त्याचा कोट आणि टोपी, नीट ठेवलेली. ज्याच्या इंजिनावर आज जगातल्या बोटी चालतात, त्याला समुद्रानेच न्यावं! गणपतने कप खाली ठेवला आणि उगाचच हात जोडले.

असं काही कळल्यावर पोटात राहतं होय? सात वाजता त्याने वायरलेसचं बटण दाबलं आणि तो म्हणाला, "आयका रे सगळे. डिझेल दर्यात गेलो. सकाळी बघतत तर सगळा रिकामा." एवढं झालं आणि वायरलेस खरखरून बंद पडला.

आता मालवणीत माणूस 'गेलो' आणि तेल 'गेला'. फरक एका ओकाराचा, तो खरखरीत बुडाला. समुद्रातल्या नऊच्या नऊ बोटींनी ऐकलं, की जेटीवरची डिझेलची टाकी फुटून खाडीत रिकामी झाली. सांगणारा गणपत, म्हणजे शंकेला जागाच नाही. सगळ्यांनी अर्धीमुर्धी जाळी ओढली आणि बोटी बंदराकडे वळवल्या. सत्यवान तांडेलाने वाटेत बायकोला फोन केला, बायकोने जेटीवर मासे विकणाऱ्या नर्मदाकाकीला सांगितलं, आणि काकीने तिथल्या तिथे एक सुरमई उचलून नाकाला लावली. डिझेलचा वास येतोय, असं तिने जाहीर केलं. वास होता, खोटं कशाला बोला. तो तिच्या शेजारी उभ्या असलेल्या गणपतच्या हातांचा होता. पण गिऱ्हाइकं पिशव्या झटकून निघून गेली.

तेवढ्यात बंदरावरचे साहेब वही घेऊन आले. गळती किती लिटरची, असं त्यांनी विचारलं.

"लिटर नाही साहेब," गणपत ऑफिसातल्या मराठीत म्हणाला, "तो माणूस होता."

साहेबांचा चेहरा उतरला. "माणूस पडलाय समुद्रात? नाव सांगा."

"रुडॉल्फ डिझेल."

"म्हणजे परदेशी पर्यटक. वय?"

"पंचावन्न."

साहेबांनी शोधाला बोट सोडायला सांगितलं, दोघेजण दोर घेऊन धावलेसुद्धा. मग त्यांनी वेळ विचारली.

"नक्की वेळ कोणालाच माहीत नाही," गणपत हळहळून म्हणाला. "पण साल एकोणीसशे तेरा."

साहेबांचं पेन जागीच थांबलं. मागे नऊ तांडेल येऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं. सत्यवानने फक्त आपली अर्धी रिकामी टोपली गणपतच्या पायाशी ठेवली. ते मात्र गणपतला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता वायरलेस सुरू झाला, पण त्यावर त्याला कोणीच हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आपली अठ्ठावीस वर्षं बुडाली असं समजून तो नुसता कान लावून बसायचा. आठवड्याभरात त्याच्या कानावर भलतंच पडायला लागलं. कोणी म्हणे वादळ येतंय, की दुसरा विचारी, "खरा, की गणपत?" खोट्या बोंबेचं नाव गणपत पडलं होतं.

त्याने रडवेल्या तोंडाने अनुजाला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली की पॅनिक हा शब्द पॅन नावाच्या देवावरून आला, तोही म्हणे रानात लोकांची अशीच घाबरगुंडी उडवायचा. "बाबा, लोक शब्दात जावक शंभर वर्षां घेतत. तुमी आठ दिवसांत गेलास." गणपतला हसावं की रडावं कळेना.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सत्यवानचं इंजिन बंद पडलं. बोट दीपगृहाखालच्या खडकांकडे वाहत चालली आणि तो वायरलेसवर ओरडला, "गणपत! गणपत!"

बाकीचे आठ तांडेल हसले. "सत्यवान गणपत मारता," म्हणजे खोटी बोंब ठोकतो, असं म्हणाले आणि जाळी ओढत राहिले. ती हाक खरी आहे हे ज्याचं नाव होतं त्यालाच कळलं. हाकेमागे इंजिन नुसतं खोकताना ऐकून गणपतने बटण दाबलं. शब्द तेच, नेहमीचे. "सत्यवाना, पायपात हवा धरली हा. फिल्टरावरचो स्क्रू ढिलो कर. फेस जांव दे. आता आवळ. स्टार्टर मार."

वायरलेसवर नुसती खरखर. मग धडधड ऐकू आली, आधी अडखळत, मग एका लयीत. आठही बोटींवर जाळी ओढणारे हात थांबले होते.

"चालू झाला, गणपतदादा," सत्यवान म्हणाला. दादा तो पहिल्यांदाच म्हणत होता.

"धडधड आयकतंस? तोच तो डिझेल," गणपत डोळे पुसत म्हणाला. "गेलो नाय रे. दर्यातच आसा अजून."

त्याच क्षणी साहेबांचा आवाज मध्ये घुसला. "समुद्रात कोण आहे? पुन्हा सांगा. नाव काय?"

गणपतने घाईघाईने बटण दाबलं.

"कोणी नाही साहेब. गणपत आहे."

"हां, मग ठीक," म्हणत साहेबांनी वही मिटली.